वाचकांचे प्रश्न : वाळवंटातला हिवाळा

नाताळच्या सुटीत आणि संक्रांतीच्या आगेमागे कोठे जावे, हा प्रश्न दरवर्षी या सदराकडे येतो. यंदा सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच दिशेला, म्हणजे राजस्थान आणि कच्छच्या वाळवंटाकडे आहे. कोणाला थंडीची काळजी आहे, कोणाला उंटाची, तर कोणाला तिथल्या शेतीविषयी उत्सुकता आहे. आपण कोरड्या मुलखातले लोक त्याहून कोरड्या मुलखात पाहुणे म्हणून जाणार आहोत. तेव्हा तिथली माणसे हिवाळा कसा जगतात, काय पिकवतात, काय रांधतात आणि कोणते सण मांडतात, हे डोळसपणे पाहता यावे या हेतूने ही उत्तरे दिली आहेत.

बार्शीचे एक निवृत्त शिक्षक लिहितात : आम्ही काही मित्र सहकुटुंब डिसेंबर-जानेवारीत जैसलमेर आणि बिकानेरला जाण्याच्या विचारात आहोत. वाळवंट म्हणजे उष्णता, असे आम्ही वर्गात शिकवत आलो; पण तिकडे कडाक्याची थंडी पडते असे नातेवाईक सांगतात. ही थंडी कितपत असते आणि ती का पडते?

उत्तर : आपल्या नातेवाइकांचे म्हणणे खरे आहे आणि आपण वर्गात शिकवलेलेही चुकीचे नाही. राजस्थानातल्या चुरू या गावी जून २०१९ मध्ये तापमान ५० अंश सेल्सिअसच्या वर गेले होते, आणि त्याच चुरूमध्ये डिसेंबर-जानेवारीत पारा अनेकदा शून्याखाली उतरतो. शेखावाटीतल्या फतेहपूरचीही हीच गत आहे. तिथे कडक थंडीच्या पहाटे पिकांवर आणि उघड्यावर ठेवलेल्या भांड्यांतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरलेला दिसतो. जैसलमेर त्या मानाने सौम्य आहे. तिथे जानेवारीत दुपारी साधारण २३-२४ अंश आणि पहाटे ७-८ अंश तापमान असते. सोलापुरात याच महिन्यात पहाटे १५-१६ अंश असताना आपण शेकोट्या पेटवतो, यावरून अंदाज यावा.

याचे कारण वाळूत आहे, तसेच आकाशातही आहे. कोरड्या वाळूतून उष्णता खाली फारशी झिरपत नाही. त्यामुळे दिवसभराच्या उन्हाने वरचा पातळ थर तेवढा तापतो आणि सूर्य मावळताच तो भराभर निवतो. हवेत पुरेसे बाष्प असते किंवा आकाशात ढग असते, तर जमिनीने सोडलेली उष्णता त्यांनी गोधडीसारखी अडवून धरली असती. वाळवंटात दोन्हींची वाण असल्याने ती सरळ वर निघून जाते. म्हणूनच दुपारी ज्या टेकडीवर अनवाणी चालावेसे वाटते, तिथेच रात्री आठनंतर बसवत नाही. याच दिवसांत भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी झंझावातांमुळे कधी कधी हलका पाऊस पडतो. तिकडे त्याला मावठ म्हणतात. प्रवाशाच्या दृष्टीने तो अडचणीचा असला, तरी गहू, हरभरा आणि मोहरीला तो इतका मानवतो की गावकरी त्याची वाट पाहत असतात. त्यामुळे आपल्या सहलीत पाऊस आला तर यजमानांसमोर कुरकुर करू नये.

कपडे थरांचे असावेत. दुपारसाठी सुती, संध्याकाळसाठी लोकरी, आणि कानटोपी व लोकरी मोजे हाताशी ठेवावेत. आपली सोलापुरी चादर अवश्य न्यावी, मात्र ती एकटी पुरेल असे समजू नये. तंबूत मिळणाऱ्या जड रजईच्या आत चादर अंगाभोवती घेतली म्हणजे चांगली ऊब राहते आणि स्वच्छतेचीही चिंता मिटते. थंडीत तहान जाणवत नाही, पण हवा अतिशय कोरडी असते. तेव्हा पाणी पीत राहावे आणि ओठांना व टाचांना खोबरेल तेल लावावे. नाताळ ते नववर्षाचा आठवडा शक्य असल्यास टाळावा. त्या दिवसांत जैसलमेरचा किल्ला आणि जवळच्या सम गावच्या वाळूच्या टेकड्या माणसांनी इतक्या भरून जातात की दर तर वाढतातच, शिवाय वाळवंटात ज्या शांततेसाठी जायचे ती कोठेच सापडत नाही.

सोलापुरातील एक वाचक भगिनी विचारतात : आपल्याकडे भोगीला बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि लेकुरवाळी भाजी असते, संक्रांतीला तिळगूळ व वाण असते आणि शहरात सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते. वाळवंटातल्या लोकांचे या दिवसांतले सण कसे असतात? ते काय खातात?

उत्तर : खाण्यापासून सुरुवात करावी, कारण तिथेच आपले नाते सर्वांत जवळचे आहे. भोगीला आपण जी बाजरी एका दिवसासाठी आठवणीने आणतो, ती मारवाडात सबंध हिवाळाभर रोजच्या ताटात असते. बाजरीचा जाड रोटा, त्यावर तूप आणि गूळ, सोबत लसणाची चटणी किंवा कढी हे तिथले साधे जेवण आहे. बाजरी कांडून मुगाच्या डाळीबरोबर मंद आचेवर शिजवलेला खिचडा आणि बाजरीचे पीठ ताकात शिजवून केलेली राब हेही थंडीचेच पदार्थ होत. आपल्या आंबिलीची ज्यांना सवय आहे त्यांना राब पहिल्या घोटातच आवडेल. केर-सांगरीची भाजी मात्र नवी वाटेल. त्यातली सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती शमी होय. उन्हाळ्याच्या तोंडी या शेंगा वाळवून ठेवतात आणि भाजीपाला नसलेल्या महिन्यांत त्याच उपयोगी पडतात. मेथीचे आणि डिंकाचे लाडू घरोघर होतात. संक्रांतीच्या सुमारास बाजारात फीणी, गजक आणि तिळपट्टी यांचे ढीग लागलेले असतात. बिकानेरची तिळपट्टी इतकी पातळ असते की तिच्यातून पलीकडचा उजेड दिसतो.

संक्रांतीला तिकडेही तिळाचे दान असते, गाईंना हिरवा चारा आणि पाखरांना दाणे घालतात. विवाहित स्त्रिया एकाच प्रकारच्या १३ किंवा १४ वस्तू आणून त्या नात्यातल्या व ओळखीच्या स्त्रियांना देतात. आपल्या हळदीकुंकवातल्या वाणाशी याचे साम्य आपल्या लगेच ध्यानात येईल. पतंगांविषयी मात्र एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. जयपूर आणि गुजरात संक्रांतीला पतंगांनी भरून जातात, पण बिकानेरकर आपले पतंग राखून ठेवतात ते अक्षय्य तृतीयेसाठी. राव बिका यांनी १४८८ मध्ये वसवलेल्या त्या शहराचा स्थापनादिन त्याच सुमारास येतो आणि भर वैशाखाच्या उन्हात गच्च्या गजबजतात. जानेवारीत बिकानेरला जाऊन पतंग शोधले तर निराशा पदरी येईल.

हिवाळ्यातले दोन मोठे उत्सव पाहण्यासारखे आहेत. जानेवारीत बिकानेरला उंट महोत्सव होतो. उंटांच्या अंगावरचे केस कातरून काढलेली नक्षी, त्यांची सजावट, त्यांच्या शर्यती हे सारे तिथे असते. माघ शुद्ध त्रयोदशीपासून पौर्णिमेपर्यंत जैसलमेरला मरू महोत्सव भरतो. पगडी बांधण्याच्या आणि मिशांच्या स्पर्धा प्रसिद्ध आहेतच, पण पौर्णिमेच्या रात्री वाळूच्या टेकड्यांवर होणारे गायन हे त्या उत्सवाचे खरे वैभव आहे, असे माझे मत आहे.

आपण गड्ड्याचा उल्लेख केला म्हणून आणखी एक परंपरा सांगतो. सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह, त्यासाठी संमती कट्ट्यावर होणारा अक्षता सोहळा आणि त्यानंतरचा होमविधी आपण सोलापूरकर पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ हा गजर ऐकत वाढलेल्या माणसाने बिकानेरजवळच्या कतरियासर गावच्या जसनाथी सिद्धांचे अग्निनृत्य जरूर पाहावे. लाकडे जाळून केलेल्या निखाऱ्यांच्या मोठ्या ढिगाभोवती नगारा आणि मंजिऱ्यांच्या साथीने सबदांचे गायन चालते आणि नाचणारे साधक अनवाणी त्या निखाऱ्यांवरून जातात. उंट महोत्सवातही हे नृत्य दाखवले जाते, परंतु मूळचा तो जागराचा, भक्तीचा विधी आहे. आपल्या होमाभोवती आपण ज्या आदराने उभे राहतो, त्याच आदराने तिथेही उभे राहावे आणि साधकांच्या तोंडावर दिव्याचा झोत टाकून चित्रण करण्याचा मोह आवरावा.

अक्कलकोट तालुक्यातील एक शेतकरी लिहितात : मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला आम्ही सगळे घरदार घेऊन रानात जातो. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करून पांडवांची पूजा करतो, भज्जी आणि आंबील खातो आणि नंतर पाहुण्यांना शिवार दाखवतो. यंदा मुलाने जैसलमेरची सहल ठरवली आहे. जिथे पाऊसच नाही तिथे शेतकऱ्याने हिवाळ्यात काय पाहावे?

उत्तर : आपल्या पत्राने मला फार आनंद झाला, कारण जैसलमेरला जाणाऱ्या हजारो प्रवाशांपैकी फारच थोडे हा प्रश्न विचारतात. आपण खडीन, म्हणजे पावसाचे पाणी बांधाने अडवून जिरवलेली शेती, पाहावी. शेतकऱ्याच्या नजरेने पाहिले तर सबंध जैसलमेर जिल्ह्यात तिच्याइतके मोलाचे दुसरे काही नाही.

जैसलमेरला वर्षाकाठी २०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही आणि जो पडतो तो बहुधा थोड्या सरींत पडून जातो. परंतु त्या परिसरात सगळीकडे वाळूच नाही. पुष्कळ भाग खडकाळ, मुरमाड माळाचा आहे. त्या माळावरून पावसाचे पाणी झपाट्याने वाहते. सखल भागात, जिथे हे पाणी आणि त्याबरोबर येणारी माती आपोआप उतरते, तिथे उताराला आडवा मातीचा लांब बांध घालतात आणि जास्तीचे पाणी निघून जावे म्हणून त्याला सांडवा ठेवतात. पावसाळ्यात बांधामागे तळे साचते. ते हळूहळू जमिनीत मुरते, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत पृष्ठभाग मोकळा झाला की त्या ओलीवर गहू आणि हरभरा पेरतात. त्यानंतर पाण्याची एकही पाळी द्यावी लागत नाही. शेतापेक्षा कितीतरी पटींनी मोठ्या माळाचे पाणी एका शेतात जिरलेले असते, साचलेल्या पाण्याबरोबर जमिनीतले क्षारही खाली उतरतात आणि दरवर्षी नव्या गाळाचा थर मिळत गेल्याने जमिनीचा कस टिकतो. बांधाच्या खालच्या अंगाला विहीर खणली तर तिला गोडे पाणी लागते.

आपल्या काळ्या जमिनीत पावसाळ्याची ओल धरून ठेवायची आणि तिच्यावर रब्बीची ज्वारी काढायची, हे आपण करतोच. मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेल्या मालदांडीने आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीने याच ओलीवर नाव कमावले. फरक एवढाच की आपल्याला निसर्गाने ओल धरणारी जमीन दिली, आणि जैसलमेरच्या लोकांनी ती बांध घालून घडवली. ही पद्धत तिथल्या पालीवाल ब्राह्मणांनी साधारण पंधराव्या शतकापासून रुजवली, असे मानले जाते.

याच पालीवालांचे कुलधरा हे गाव जैसलमेरपासून सुमारे १८ किलोमीटरवर आहे. एकोणिसाव्या शतकात ते ओस पडले. दिवाण सालिमसिंग याच्या जुलमामुळे पालीवाल एका रात्रीत निघून गेले अशी आख्यायिका सांगितली जाते आणि तिला भुताखेतांच्या गोष्टी जोडून प्रवाशांना तिथे नेले जाते. त्या गोष्टींत वेळ घालवण्यापेक्षा मोडक्या घरांची आखणी पाहावी, रस्ते किती सरळ आहेत ते पाहावे आणि मग गाडीवाल्याला सांगून जवळची पीक उभी असलेली खडीन शोधावी. पाऊस बरा झालेल्या वर्षी जानेवारीत चहूकडच्या पिवळ्या माळात ती हिरवीगार उठून दिसते. बांधावर उभे राहण्याआधी शेतमालकाची परवानगी घ्यावी. आपण शेतकरी आहात हे सांगितलेत तर तो स्वतःहून सगळे दाखवील, आणि हरभरा भरलेला असेल तर कदाचित आगटीही पेटेल. हुरड्याच्या आगटीभोवती बसण्याचे सुख ज्याला ठाऊक आहे, त्याला भाजलेल्या हावळ्याची चव वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

घरांजवळ टांके दिसतील तेही पाहावेत. गोल, जमिनीखाली बांधलेली आणि वरून झाकलेली ही टाकी असते, आणि तिच्याभोवती पाणी आत उतरावे म्हणून उताराचे अंगण केलेले असते. त्याला आगोर म्हणतात. आगोरावर चपला घालून जाऊ नये, कारण ते लोकांच्या पिण्याच्या पाण्याचे पाणलोट आहे. पुढे बिकानेर आणि श्रीगंगानगरकडे गेलात तर इंदिरा गांधी कालव्याने बदललेला मुलूखही दिसेल. उजनीच्या कालव्याने आपल्याकडे पिके कशी पालटली हे पाहिलेल्या माणसाला तिथे पुष्कळ बोलण्यासारखे सापडेल.

मोहोळच्या एक आई विचारतात : दहा आणि सहा वर्षांची मुले आहेत. त्यांना उंटावर बसवावे का? उंट चावतो, बिथरतो असे ऐकले आहे.

उत्तर : बसवावे, परंतु उंट निवडून. थरच्या वाळवंटातला उंट एकाच मदाराचा असतो. थंडीचे दिवस हा त्याचा माजाचा काळ आहे. माजावर आलेल्या नराच्या तोंडाला फेस येतो, तो गुरगुरल्यासारखा आवाज काढतो आणि तोंडाच्या बाजूने मांसल फुग्यासारखा भाग बाहेर काढतो. असा नर दिसला तर मुलांना त्याच्या जवळपासही नेऊ नये. मालकाला मादी किंवा शांत, वयस्क उंट द्यायला सांगावे; चांगला मालक यात कधी वाईट वाटून घेत नाही. उंट उठताना मागचे पाय आधी उचलतो, त्यामुळे बसलेला माणूस एकदम पुढे फेकला जातो, आणि खाली बसताना पुढचे गुडघे आधी टेकतो, तेव्हाही तोच झोका बसतो. म्हणून दोन्ही वेळा अंग मागे टाकून खोगिराची मूठ घट्ट धरावी. सहा वर्षांच्या मुलाला एकट्याने बसवू नये आणि पहिली फेरी अर्ध्या तासाहून मोठी घेऊ नये.

मुलांना हेही जरूर सांगावे की राजस्थानने २०१४ मध्ये उंटाला राज्यप्राणी ठरवले असले, तरी त्याची संख्या वेगाने घटली आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ४ लाख उंट होते, ते २०१९ मध्ये अडीच लाखांवर आले. कुरणे आटली आणि मालवाहतूक ट्रॅक्टरकडे गेली. पिढ्यान्‌पिढ्या उंट राखणाऱ्या रायका समाजाला आता कळप परवडत नाहीत. बिकानेरला राष्ट्रीय उष्ट्र अनुसंधान केंद्र आहे. तिथे निरनिराळ्या जातींचे उंट आणि त्यांची पिले पाहता येतात, उंटिणीच्या दुधाचे पदार्थही मिळतात. मुलांसाठी समच्या गर्दीपेक्षा ही जागा कितीतरी अधिक आनंदाची आहे. टेकड्यांवरून जीप उधळण्याचा जो खेळ चालतो, त्यात मात्र मुलांना घालू नये. त्यात अपघाताचा धोका आहे आणि वाळू धरून ठेवणारे गवत व झुडपे त्या चाकांखाली चिरडली जातात.

सोलापुरातील एक महाविद्यालयीन विद्यार्थी लिहितो : नान्नजला अनेकदा जाऊनही मला माळढोक दिसला नाही. तो जैसलमेरला नक्की दिसेल का? हिवाळ्यात तिकडे आणखी कोणते पक्षी पाहता येतील?

उत्तर : नक्की दिसेल असे आश्वासन कोणी देऊ नये, पण जगात आज त्याला पाहण्याची सर्वाधिक शक्यता जैसलमेरच्या माळांवरच आहे. हे लिहिताना सोलापूरकर म्हणून मन दुखते. नान्नजचे अभयारण्य १९७९ मध्ये झाले, म्हणजे जैसलमेरच्या मरू राष्ट्रीय उद्यानाच्याही आधी. एके काळी माळढोक म्हटले की देशभरच्या पक्षिमित्रांना नान्नज आठवत असे, आणि आज तिथे त्याचे दर्शन कित्येकांना वर्षानुवर्षे होत नाही. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात आणि तो राज्यपक्षी आहे. मरू राष्ट्रीय उद्यान ३,१६२ चौरस किलोमीटरचे आहे आणि त्यातला सुदासरीचा भाग गोडावणासाठी प्रसिद्ध आहे. वनखात्याची परवानगी घेऊन, स्थानिक वाटाड्याबरोबर, पहाटे जावे. दिसला तर दुरूनच दुर्बिणीतून पाहावा.

त्या माळांवर विजेच्या तारा आणि पवनचक्क्या दिसतील. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला समोरचे नीट दिसत नाही, आणि अंगाने जड असल्यामुळे तार दिसली तरी ऐन वेळी वळता येत नाही. तारांवर आदळून होणारे मृत्यू हे त्याच्या ऱ्हासाचे आज मोठे कारण आहे. सम आणि रामदेवरा येथे संवर्धन केंद्रे उभारली आहेत आणि २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिलू जन्माला आले, ही त्यातल्या त्यात आशेची बातमी.

कांड्या करकोचे पाहण्यासाठी मात्र फलोदीजवळच्या खीचन गावी जावे आणि हे मी कोणालाही निःशंकपणे सांगेन. मध्य आशिया आणि मंगोलियाकडून येणारे हे पक्षी सप्टेंबरपासून मार्चपर्यंत तिथे असतात. गावकरी वर्गणी आणि देणग्यांतून धान्य जमवतात आणि गावाजवळच्या कुंपण घातलेल्या चुग्गाघरात रोज सकाळी ते पसरतात. हजारो करकोचे थव्याथव्याने उतरतात आणि त्यांच्या आवाजापुढे दुसरे काही ऐकू येत नाही. जोधपूर-जैसलमेर लोहमार्गावर फलोदी येतेच, त्यामुळे वाकडी वाट करावी लागत नाही. बिकानेरजवळच्या जोडबीड येथे हिवाळ्यात गिधाडे आणि गरुड मोठ्या संख्येने जमतात. मेलेली जनावरे टाकण्याची ती जागा आहे, तेव्हा वास सहन करण्याची तयारी ठेवावी. परतल्यावर नान्नजला जाणे सोडू नकोस. हिवाळ्यात तिथल्या गवतावर घिरट्या घालणारे भोवत्या हे शिकारी पक्षी आणि काळविटांचे कळप पाहायला लोक दुरून येतात.

सोलापुरातील एक तरुण दांपत्य विचारते : कच्छचे पांढरे रण पाहावे की जैसलमेर? सुटी एकाच ठिकाणापुरती आहे.

उत्तर : वाळूच्या टेकड्या, किल्ला आणि गाणे हवे असेल तर जैसलमेर, मिठाचे अथांग मैदान आणि हस्तकला हवी असेल तर कच्छ. कच्छच्या रणात पावसाळ्यात समुद्राचे आणि पावसाचे पाणी पसरते आणि ते आटत गेले की मिठाचा पांढरा थर राहतो. पावसाळा लांबला तर नोव्हेंबरातही तिथे चिखल असतो, म्हणून डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ चांगला, आणि त्यातही पौर्णिमेच्या जवळच्या तारखा. धोरडोचा रणोत्सव २००५ पासून भरतो. पण त्याच्या तंबूंचा खर्च झेपत नसेल तर भुजला मुक्काम करून दिवसाची सहल करता येते. पांढऱ्या रणात जाण्यासाठी परवाना लागतो.

जैसलमेर निवडलेत तर एक विनंती आहे. समच्या अनेक तंबूंत रात्री कर्ण्यांवर चित्रपटगीते लावून नाच चालतो. आरक्षण करण्याआधी विचारावे की तिथे मांगणियार किंवा लंगा गायक कर्ण्याशिवाय गातात का. मांगणियार हे मुसलमान गायक आपल्या हिंदू यजमानांच्या घरी जन्मापासून लग्नापर्यंतच्या प्रत्येक प्रसंगी गात आले आहेत. त्यांचा कमायचा आणि खडताल ही वाद्ये वाळूवर बसून, शेकोटीच्या उजेडात, हाताच्या अंतरावरून ऐकावीत. प्रवासी जे मागतील तेच तंबूवाले ठेवतील, म्हणून आपण गाणे मागावे.

सोलापुरातील एक ज्येष्ठ वाचक विचारतात : गड्ड्याची यात्रा मी आजवर चुकवलेली नाही आणि पुढेही चुकवायची नाही. ती सांभाळून वाळवंटाचा प्रवास कसा आखावा?

उत्तर : बिकानेरचा उंट महोत्सव बहुतेक वेळा संक्रांतीच्या जवळपास येतो, त्यामुळे तो आपल्याला सोडावा लागेल. मरू महोत्सव माघ पौर्णिमेला संपतो आणि ही पौर्णिमा जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत येते. तोवर अक्षता, होम, शोभेचे दारूकाम आणि कप्पडकळ्ळी हे सारे विधी पार पडलेले असतात आणि होम मैदानावरच्या गड्ड्यालाही आपण नातवंडांसह निवांत जाऊन येऊ शकाल. पुण्याहून जोधपूरला थेट गाड्या आहेत आणि जोधपूरहून जैसलमेरला रात्रीची गाडी मिळते. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी खुले होते, तेव्हा माघातल्या प्रवासाची तिकिटे मार्गशीर्षातच काढावीत. जोधपूरला एक दिवस विश्रांती घ्यावी, वाटेत फलोदीला उतरून करकोचे पाहावेत आणि जैसलमेरला किमान तीन रात्री ठेवाव्यात. किल्ल्यात चढ आणि दगडी फरसबंदी आहे, म्हणून मुक्काम किल्ल्याच्या पायथ्याशी घ्यावा. गुडघ्यांना त्रास कमी होईल आणि आठशे वर्षांहून जुन्या त्या वास्तूवर पाण्याचा व सांडपाण्याचा आणखी भारही पडणार नाही. तनोटच्या देवीला जायचे असेल तर पूर्ण दिवस राखावा, कारण ते अंतर एका बाजूने सुमारे १२० किलोमीटर आहे. ओळखपत्राची मूळ प्रत सोबत ठेवावी. नेहमीची औषधे सोलापुरातूनच पुरेशी न्यावीत, समच्या टेकड्यांवर औषधाचे दुकान सापडणार नाही.